हँड वॉर्मरच्या पुड्या, शनिवारच्या मॅचआधी वापरून बघितल्या

शनिवारी १३ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी ७ वाजता इथल्या ॲरोहेड स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉल, आमचे कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध मायामी डॉल्फिन्स, वाइल्ड कार्डची म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या फेरीची मॅच, आणि आमच्याकडे चार तिकिटं आहेत. अंदाज शून्य फॅरनहाइटच्या आसपासचा, म्हणजे आपल्या हिशोबाने उणे १८, आणि वारा धरला तर अंगाला उणे ३० सारखं लागणार. कॅन्सस सिटीत राहायला लागून नऊ वर्षं होतील पण अशा थंडीत साडेतीन तास एका जागी बसायची वेळ आली नव्हती, त्यामुळे आठवडाभर घरात दोनच विषय चालू आहेत, कोण जिंकणार आणि काय घालायचं. पहिल्यावर एकमत होणं शक्यच नाही कारण माझा धाकटा दीर मायामीजवळ फोर्ट लॉडरडेलला असतो आणि पक्का डॉल्फिन्सवाला आहे, खास मॅचसाठी विमानाने येतोय. दुसरं काम मी अंगावर घेतलं. चाळीस जोड्यांचा हँड वॉर्मरचा डबा आणला, पायाच्या पुड्या वेगळ्या आणल्या, आणि मंगळवारपासून रोज वापरून बघतेय. ब्रँड कुठलाही घ्या, आतला मसाला साधारण तोच असतो.

ज्यांनी कधी वापरल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. चहाच्या डिपडिप पिशवीपेक्षा थोडी मोठी कापडासारखी पुडी असते, आत लोखंडाची बारीक पूड, मीठ, कोळशाची पूड आणि ओल धरून ठेवणारं व्हर्मिक्युलाइट. बाहेरचं प्लास्टिक फाडलं की हवा लागते, लोखंड गंजायला लागतं आणि गंजताना जी उष्णता निघते तीच आपली ऊब. आमच्या चिपळूणच्या घराच्या खिडकीचे गज दर पावसाळ्यात गंजायचे, तेव्हाही ऊब निघतच असणार पण इतकी सावकाश की हाताला कळायची नाही. इथे पूड असल्यामुळे तेच काम काही तासांत उरकतं.

मंगळवारी पहिली परीक्षा. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा होता म्हणून पुडी फोडली, लगेच हातमोज्यात कोंबली आणि फावडं घेऊन बाहेर. वीस मिनिटं झाली तरी कोमटच. मला वाटलं पैसे वाया गेले. मग चूक कळली, घट्ट हातमोज्यात तिला हवाच मिळत नव्हती. बुधवारी घरात असतानाच फोडली, चांगली झटकली, अर्धा तास टेबलावर उघडी ठेवली आणि मग मिटनमध्ये घातली, बोटं एकत्र राहतात ना ते हातमोजे, आणि काय सांगू, दीड तास कुत्र्याला फिरवून आले तरी हात गरम! पाकिटावर दहा तास लिहिलंय. माझी पुडी सकाळी आठला फोडलेली दुपारी तीनपर्यंत चांगली गरम होती, नंतर उतरत गेली आणि आतली पूड खड्यासारखी कडक झाली. मॅचला सात तास पुरे, मॅचआधीचं पार्किंगमधलं ग्रिलवरचं खाणं धरूनसुद्धा. एक मात्र आहे, डब्यातल्या दोन पुड्या फोडल्यावर गरम झाल्याच नाहीत, पाकिटाला कुठेतरी बारीक भोक असणार आणि लोखंड आतल्या आत आधीच गंजून गेलेलं, म्हणून मोजून नेऊ नका, दोनचार जास्तच न्या.

पायाच्या पुड्यांबद्दल नीट वाचा कारण इथेच लोक चुकतात. त्या वेगळ्या बनवलेल्या असतात, बुटात हवा कमी असते तेवढ्या हवेवर चालतील अशा. म्हणून हाताची पुडी बुटात घालू नका, ती गुदमरते, आणि पायाची उघड्यावर वापरू नका, ती जास्त तापते. मोज्याच्या बाहेरून, बोटांखाली चिकटवायची, कातडीला कधीच नाही, भाजतं. आणि मोजे लोकरीचेच, सुती मोजा घाम पितो आणि मग तोच बर्फ होतो. नवऱ्याने बॅटरीवर तापणारे मोजे मागवले होते, मी कंपनीचं नाव घेत नाही, पण गॅरेजमध्येच दीड तासात बॅटरी बसली, उघड्यावर तर आणखी लवकर बसेल. परत पाठवले.

आता वादाकडे येते, कारण ह्या पुड्यांची अर्धी चाचणी मी दिराशी फोनवर भांडत भांडतच केलीय.

त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "वहिनी, थंडी दोन्ही टीमना सारखीच लागते." क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारे, आमचा माहोम्स टेक्ससचा, त्यांचा टुआ हवाईचा, दोघंही बर्फात वाढलेले नाहीत, हे त्याचं बरोबर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बफेलोला बर्फ पडत असताना डॉल्फिन्स ३२-२९ असे फक्त तीन पॉइंटनी हरले, ती मॅच तो सारखी काढतो. आणि फ्रँकफर्टची मॅच. ५ नोव्हेंबर २०२३ ला आम्ही २१-१४ ने जिंकलो, हाफटाइमला २१-० होतं, पण त्याचं म्हणणं सेकंड हाफ डॉल्फिन्सचा होता, शेवटी चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या संधीला, टुआच्या हातून स्नॅप, म्हणजे त्याच्याकडे मागे दिलेला बॉल, सुटला नसता तर कुणी सांगावं.

त्या मॅचचं मला वेगळंच लागून राहिलंय. कागदावर ती आमची होम मॅच होती आणि लीगने ती जर्मनीला नेली. टायरीक हिल ह्या वेगवान रिसीव्हरला, म्हणजे बॉल झेलून पळणाऱ्याला, आम्ही सहा सीझन ह्याच मैदानावर पळताना बघितलं, मार्च २०२२ मध्ये तो मायामीला गेला तो परत ॲरोहेडवर आलाच नाही, आणि जेव्हा यायचा तेव्हा आम्ही सकाळी साडेआठला पोहे खात टीव्हीवर बघत होतो! त्याच्या हातून बॉल सुटला आणि आमच्या लोकांनी तो उचलून टचडाउन केला तेव्हा मी ओरडले खरी पण तो आवाज स्टेडियममध्ये व्हायला हवा होता. शनिवारी ती मॅच घरी येतेय. म्हणून उणे १८ असो नाहीतर उणे २८, मी जाणार आहे.

माझा मुद्दा असा की डॉल्फिन्सचा सगळा खेळ वेगावर आणि टायमिंगवर आहे. सप्टेंबरमध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजना ७० पॉइंट मारले तो खेळ उन्हातला. थंडीत बॉलमधली हवा आकसते, बाहेरून तो दगडासारखा लागतो, बोटं वळत नाहीत, तिथे अर्ध्या सेकंदाचं गणित बिघडतं. वर त्यांच्या डिफेन्सचे चब आणि फिलिप्स दोघंही जखमी, माहोम्सवर दबाव आणणार कोण? आणि आमचा डिफेन्स ह्या सीझनला खरंच भक्कम आहे. मी त्याला १९८२ ची आठवण करून दिली, सॅन डिएगो चार्जर्स २ जानेवारीला मायामीच्या उकाड्यात ओव्हरटाइममध्ये जिंकले आणि आठ दिवसांनी सिनसिनाटीला उणे ९ फॅरनहाइटमध्ये २७-७ ने हरले. तो म्हणाला, "ते चार्जर्स होते, मायामी तर त्याच मॅचमध्ये बाहेर पडली, आम्ही कुठे थंडीत होतो?" ह्यावर मला उत्तर सुचलं नाही.

पण मला खरी भीती शेजारच्या आजोबांनी घातली. ते जन्मापासूनचे चीफ्सवाले, ७ जानेवारी १९९६ ला ॲरोहेडवर होते. त्या सीझनला आमची टीम १३ मॅच जिंकून ३ हरलेली, समोर इंडियानापोलिस कोल्ट्स, बंद छताखाली खेळायची सवय असलेले, तापमान ११ फॅरनहाइट, सगळं शहर म्हणत होतं की हे गारठून जातील. हरलो १०-७. आमच्या किकरने तीन फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारायच्या किक, चुकवले. आणि डिसेंबर २०१६ मध्ये १ फॅरनहाइटला टेनेसी टायटन्सनी शेवटच्या किकवर १९-१७ ने हरवलं. आजोबा म्हणाले थंडी कुणाची नसते, आणि आमच्या रिसीव्हर्सच्या हातून ह्या सीझनला बॉल गळतोय तो उन्हातसुद्धा गळत होता. मी हे दिराला सांगितलेलं नाही.

तरी माझा आकडा चीफ्स २३, डॉल्फिन्स १६. दिराचा डॉल्फिन्स २०, चीफ्स १७. पैज पुरणपोळ्यांची लागलीय, हरेल त्याने सोमवारी संक्रांतीला सगळ्यांसाठी करायच्या. त्याला पुरण वाटता येत नाही, शिकवीन.

पुन्हा पुड्यांवर. मैदानावर क्वार्टरबॅकच्या कमरेला जो हात घालायचा मफ असतो त्यातही अशाच गरम पुड्या घालतात, त्यामुळे स्टँडमध्ये वापरायला कुणी लाजू नका. एक जोडी मनगटाच्या आतल्या बाजूला, बाहीच्या कापडावरून ठेवून बघा, बोटांना फरक पडतो. फोन असलेल्या खिशात एक टाका, थंडीत फोन बंद पडतो आणि तिकीट फोनमध्येच असतं, पण पुडी फोनला चिकटवू नका, मध्ये रुमाल ठेवा. थोडाच वेळ वापरून झाली तर हवाबंद झिपच्या पिशवीत घालून हवा पिळून काढा, गंजणं थांबतं, मी बुधवारची दुसरी एक पुडी गुरुवारी परत वापरली, तीन तास चालली. पार्किंगमध्ये उभं राहताना बुटाखाली पुठ्ठा घ्या, जमिनीचा गारवा पुडीच्या आवाक्याबाहेरचा असतो.

हाताच्या पुड्यांना माझ्याकडून पाचपैकी साडेचार, दोन फुसक्या निघाल्या म्हणून अर्धा कमी. पायाच्यांना चार, सहा तासांनंतर उतरतात. लहान मुलांना देणार असाल तर स्वतः लक्ष ठेवा, झोपताना अजिबात नको.

दीर उद्या रात्री उतरतोय आणि मघाशी विचारत होता, डबल जॅकेट पुरेल ना वहिनी? त्याच्यासाठी हाताच्या सहा जोड्या, पायाच्या तीन आणि माझी जुनी लोकरी टोपी बाजूला काढून ठेवलीय, टोपी लाल आहे, चीफ्सची. आज दुपारी दुकानात परत गेले होते तर हाताच्या पुड्यांची फळी रिकामी, पायाच्यांचे तीन डबे शिल्लक. ज्यांना शनिवारी यायचंय त्यांनी आज रात्रीच घेऊन टाका.