कोबाल्टचा ड्रिल बिट सेट वापरून बघितला, स्टेनलेस स्टीलला भोकं पाडायला घ्याच
आधी सोनेरी कोटिंगवाले बिट वापरायचो, दिसायला भारी पण स्टेनलेसवर दुसऱ्याच भोकाला धार गेली आणि परत धार लावायला घासले की कोटिंग पण जातं. मग हा एम३५ (कोबाल्ट मिसळलेलं स्टील) सेट घेतला, यात ५ टक्के कोबाल्ट असतं आणि टोक १३५ डिग्रीचं स्प्लिट पॉइंट (टोकालाच जास्तीची धार काढलेलं), त्यामुळे बिट घसरत नाही (तरी मी सेंटर पंच, म्हणजे भोकाच्या जागी आधी ठोकून खड्डा, मारतोच, सवय). पण स्पीड कमी ठेवा, ६ एमएमला ६०० आरपीएमच्या आसपास, कटिंग ऑइल टाका आणि दाबून धरा, नुसतं घासत बसलात तर स्टेनलेस अजून कडक होतं. एक वांधा, बिट ठिसूळ आहेत, हँड ड्रिल जरा वाकडं झालं आणि ३ एमएमचा कटकन तुटला. साध्या लोखंडाला साधे एचएसएस (हाय स्पीड स्टीलचे, कोबाल्ट नसलेले) बिट पुरतात.