जळालेल्या रानाचा नकाशा: सेंटिनेल-२, लँडसॅट की मोडिस?

वणवा विझला. आता नेमकं किती रान जळलं, हे नकाशावर मांडायचं आहे. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट या उपग्रहमालिका, मोडिस हे उपग्रहांवरचं उपकरण. तिन्हींच्या प्रतिमा फुकट मिळतात, त्यामुळे प्रश्न पैशाचा नाही, कामाच्या आवाक्याचा आहे.

सेंटिनेल-२ आणि लँडसॅट या दोन्हींवर हिशोब एकच. हिरवं पान निकट-अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश भरपूर परतवतं. जळाल्यावर तो घटतो आणि लघुतरंग अवरक्त वाढतो. प्रकाशाच्या या दोन पट्ट्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागलं की एनबीआर हा जळीत-निर्देशांक मिळतो. आगीआधीच्या एनबीआरमधून नंतरचा वजा केला की डीएनबीआर, म्हणजे जळिताची तीव्रता.

एकाच वणव्याची हद्द आखायची असेल तर मी डोळे झाकून सेंटिनेल-२ घेईन. लघुतरंग पट्टा २० मीटरचा, म्हणजे एक पिक्सेल (प्रतिमेतला सर्वांत छोटा चौकोन) जमिनीवर ४०० चौरस मीटरचा. लँडसॅटचा ३० मीटरचा पिक्सेल ९०० चौरस मीटर व्यापतो. मोठ्या वणव्यात हा फरक जाणवत नाही, पण ओढ्याकाठची अरुंद वाचलेली पट्टी नेमकी त्यातच हरवते. शिवाय दोन सेंटिनेल मिळून दर ५ दिवसांनी येतात, लँडसॅट ८ आणि ९ मिळून दर ८ दिवसांनी. गवताळ रानात हे फार मोलाचं आहे, कारण पाऊस पडताच कोवळं गवत उगवतं आणि जळिताचा डाग पुसट होतो.

मात्र तेच रान गेल्या तीस वर्षांत किती वेळा पेटलं, हे पाहायचं असेल तर लँडसॅटला तोड नाही. सेंटिनेल-२ चं पहिलं उड्डाण २०१५ चं. लँडसॅटच्या ३० मीटरच्या प्रतिमा १९८२ पासूनच्या आहेत.

मोडिसचा ५०० मीटरचा मासिक जळीत-नकाशा तयारच मिळतो. खंडभराच्या आढाव्याला तो उत्तम. छोटी जळितं मात्र त्यात दिसतच नाहीत, म्हणून एखाद्या टेकडीच्या नुकसानीसाठी तो वापरू नका.

उपग्रह कोणताही निवडा, खरी चूक तारखांत होते. हिरव्यागार ऋतूतली आधीची प्रतिमा आणि कोरड्या ऋतूतली नंतरची घेतली, तर नुसती पानगळही जळीत म्हणून मोजली जाते. आधीची प्रतिमा आगीच्या अगदी लगतची घ्या. ती ढगाळ असेल तर मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांतली. नांगरलेली शेतं, ढगांच्या सावल्या आणि पाणी आधीच वगळा.

ढग हटतच नसतील तर सेंटिनेल-१ चं रडार आहे. ढग आणि धूर त्याला अडवत नाहीत, पण जमिनीतला ओलावाही त्याचं चित्र बदलतो. म्हणून मी त्यावरून फक्त हद्द ताडून पाहीन, तीव्रता ठरवणार नाही.