बोटात घालायचा ब्रश की छोटा टूथब्रश?

खालचे दोन दात डोकावले की सिलिकॉनचा, बोटात घालायचा ब्रश सोयीचा वाटतो. हिरड्या शिवशिवत असतात, बाळ तो आनंदानं चावतं. पण सव्वा-दीड वर्षाला दाढा यायला लागल्या की तो पुरत नाही. दाढेच्या खाचेत चिकटलेलं बिस्कीट त्यानं निघत नाही, शिवाय बोटाला कडकडून चावा बसतो. तिथं मऊ केसांचा, छोट्या डोक्याचा ब्रशच हवा. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडवाली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच घ्या. मूल ब्रश स्वतः धरायचा हट्ट करेल, जरूर धरू द्या; पण नंतर त्याचं डोकं मांडीवर घेऊन तुम्ही एकदा फिरवाच, विशेषतः रात्री दूध पिऊन झाल्यावर. माझं मत विचाराल तर पहिल्या दातापासून थेट छोटा ब्रशच आणा.