ग्रामीण काउंटीतला रोजगार आणि पगार: तिमाही गणना घ्यावी की पाच वर्षांचा सर्व्हे?

अमेरिकेतल्या एखाद्या ग्रामीण काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याखालचा जिल्ह्यासारखा भाग) रोजगार वाढतोय की घटतोय आणि पगार कुठल्या दिशेने चाललेत, हे तपासायला बसलं की आकड्यांचे दोन मोठे साठे समोर येतात. एक ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स या कामगार-आकडेवारीच्या सरकारी संस्थेचा, ‘क्वार्टरली सेन्सस ऑफ एम्प्लॉयमेंट अँड वेजेस’. दुसरा सेन्सस ब्युरो या जनगणना खात्याचा, ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’. पुढे पहिल्याला गणना आणि दुसऱ्याला सर्व्हे म्हणतो. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही काउंटीपर्यंत उतरतात, आणि एकाच काउंटीबद्दल दोघं वेगवेगळं सांगतात. दोन्ही साठे तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो. प्रश्न एवढाच, की अहवालाचा कणा कशावर उभा करायचा.

गणना मालकांकडून येते. बेकारी विम्याचा कर भरताना मालक दर तिमाहीला जो हिशोब राज्य सरकारकडे देतात, त्यातूनच ती तयार होते. देशातल्या ९५ टक्क्यांहून जास्त नोकऱ्या तिच्यात येतात. महिन्याच्या १२ तारखेचा समावेश असलेल्या पगार-कालावधीत किती माणसं कामावर होती, हा रोजगार. तिमाहीत एकूण किती रक्कम वाटली, हे वेतन. सर्व्हे घराघरातून येतो: वर्षाला साधारण ३५ लाख पत्त्यांचा नमुना. ६५,००० पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीला त्यातले एका वर्षाचे पूर्ण तक्ते मिळत नाहीत, पाच वर्षांचा एकत्रित अंदाज मिळतो. ग्रामीण काउंटी बहुतेक याच गटात मोडतात.

माझ्या दृष्टीने निवड इथेच ठरते. या पाच वर्षांच्या खिचडीतून कल काढणं फार त्रासाचं आहे.

२०१८–२०२२ आणि २०१९–२०२३ हे दोन संच शेजारी ठेवा. पाचातली चार वर्षं दोन्हींत तीच. म्हणजे दोन आकड्यांत जो फरक दिसतो, तो साधारणपणे २०२३ आणि २०१८ यांच्यातल्या फरकाचा पाचवा हिस्सा असतो. काउंटीतला एखादा कारखाना बंद पडून ५०० जणांचं काम गेलं, तर पुढच्या संचात जेमतेम १०० ची घट दिसेल, आणि उरलेली पुढची चार वर्षं थोडी थोडी झिरपत राहील. तोवर माणसं दुसरीकडे लागलेली असतात. सेन्सस ब्युरो स्वतःच सांगतं की तुलना करायची तर एकमेकांवर न चढणारे संच घ्या, उदाहरणार्थ २०१४–२०१८ आणि २०१९–२०२३. पण मग दहा वर्षांच्या इतिहासातून हाती येतात दोन ठिपके. दोन ठिपक्यांतून रेघ नेहमीच निघते, तिला कल म्हणणं धाडसाचं.

नॉर्थ डकोटातल्या विल्यम्स काउंटीचं उदाहरण घ्या. बाकेन या तिथल्या तेलक्षेत्राच्या लाटेत तिची लोकसंख्या २०१० मधल्या २२,३९८ वरून २०२० मध्ये ४०,९५० झाली. २०१४ च्या मध्यावर पिंपाला १०० डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला ३० च्या खाली आलं. सर्व्हेचा २०१२–२०१६ चा संच ही चढण आणि ही घसरण दोन्ही एकाच आकड्यात पिळून टाकतो. तो आकडा त्या काउंटीतल्या कुठल्याच वर्षाचा नाही. गणनेत मात्र चढ, शिखर आणि उतार तिमाही-तिमाहीने दिसतात. शिवाय अशा भागात दोन आठवडे काम आणि दोन आठवडे घरी अशा पाळीने येणारे कामगार असतात. त्यांची नोकरी गणना तिथेच धरते. सर्व्हे एखाद्या पत्त्यावर त्यांनाच मोजतो ज्यांचा मुक्काम दोन महिन्यांहून जास्त आहे किंवा असणार आहे.

नमुन्याचा लहानपणा ही दुसरी अडचण. समजा, सर्व्हेच्या उद्योगनिहाय तक्त्यात कारखानदारीत २४० माणसं दिसली, त्रुटीची मर्यादा (खरा आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ती) ±९५. पाच वर्षांनंतरच्या स्वतंत्र संचात ३१०, मर्यादा ±११०. वाढ ७० ची. फरकाची मर्यादा काढायची तर दोन्ही मर्यादांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या: ९०२५ अधिक १२१०० म्हणजे २११२५, वर्गमूळ साधारण १४५. तर ७० ची वाढ ±१४५ च्या आत बुडाली. ती खरी असेलही, पण या आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. मर्यादा ९० टक्के विश्वासपातळीची असते, म्हणून प्रमाणत्रुटी (स्टँडर्ड एरर) हवी असेल तर १.६४५ ने भागा. हे सूत्र एकमेकांवर चढलेल्या संचांना लावू नका, तिथे नमुने स्वतंत्र नसतात. आणि उतरवून घेतलेल्या फाइलमधला मर्यादेचा रकाना जागा वाचवण्यासाठी कधीच काढू नका.

आता गणनेच्या खोड्या. त्याही कमी नाहीत, आणि ग्रामीण काउंटीत त्या शहरापेक्षा जास्त बोचतात.

सगळ्यात मोठी म्हणजे दडवलेले आकडे. एखाद्या उद्योगात दोन-तीनच आस्थापना (कामाच्या जागा) असतील, किंवा एकीचा वाटा फार मोठा असेल, तर गोपनीयतेसाठी रोजगार आणि वेतन छापत नाहीत. आस्थापनांची संख्या तेवढी दिसते. सीएसव्ही फाइलमध्ये अशा ओळीत रोजगाराच्या जागी शून्य असतं आणि डिस्क्लोजर कोडच्या (आकडा दडवलाय का ते सांगणाऱ्या) रकान्यात ‘एन’ हे अक्षर. हा रकाना न बघता आलेख काढला, की चालू असलेली खाण कागदावर बंद पडते, आणि पुढच्या वर्षी आकडा पुन्हा उघड झाला की शेकडो नोकऱ्या ‘निर्माण’ होतात. म्हणून फाइल उघडल्याबरोबर ‘एन’ असलेल्या सगळ्या ओळींतलं शून्य पुसून रिकामं करा.

वजाबाकी करून दडवलेला आकडा काढायचा मोह होतो. तो बहुधा जमत नाही, कारण नेमकी ती वाट बुजवण्यासाठी आणखी एखाद्या उद्योगाचा आकडाही दडवलेला असतो. त्यापेक्षा एक पायरी वर चढा. काउंटीच्या ओळींना ७० ते ७८ असे पातळीचे कोड आहेत: ७० म्हणजे एकूण, ७१ मालकीनुसार, ७४ उद्योग-वर्गीकरणातलं दोन अंकी कोडचं मोठं क्षेत्र, ७८ सहा अंकी कोडचा बारीक उद्योग. छोट्या काउंटीत ७८ वर हाती फारसं लागत नाही. ७० आणि ७१ ची रेघ पक्की धरावी, ७४ वर जेवढं सलग दिसतं तेवढंच वापरावं, आणि त्याखालची तपशिलाची भूक आवरावी. एवढं करूनही मला हा दोष सर्व्हेच्या दोषापेक्षा सोसण्यासारखा वाटतो. इथे काय लपवलंय ते नावानिशी कळतं. सर्व्हेत प्रत्येक चौकटीत आकडा असतो, आणि तो किती पोकळ आहे हे शेजारचा रकाना वाचणाऱ्यालाच समजतं.

मालकीचा रकाना आणखी एक घोटाळा करतो. त्यात १ म्हणजे संघीय सरकार, २ राज्य, ३ स्थानिक, ५ खासगी. काउंटीचं रुग्णालय एखाद्या ना-नफा संस्थेने चालवायला घेतलं, की तेच डॉक्टर, त्याच परिचारिका ३ मधून ५ मध्ये जातात. खासगी रोजगार एका तिमाहीत उसळतो, स्थानिक सरकारचा कोसळतो, आणि काउंटीत प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. रुग्णालय हा जिथे सर्वात मोठ्या मालकांपैकी एक असतो, तिथे ही उडी एकूण खासगी आकड्याची दिशाच फिरवू शकते. तसंच, २००१ पासून मूलनिवासी जमातींच्या मालकीच्या आस्थापना स्थानिक सरकारात धरल्या जातात. जमातीचा कॅसिनो असलेल्या काउंटीत ‘सरकारी नोकऱ्या फार’ असं लिहिण्याआधी हे तपासा. आरोग्य किंवा करमणूक क्षेत्राचा कल हवा असेल तर सगळ्या मालकींची बेरीज करूनच पाहा.

पगाराचं गणित सोपं आहे. तिमाहीचं एकूण वेतन भागिले तीन महिन्यांचा सरासरी रोजगार, भागिले १३. १,२०० नोकऱ्या आणि १,३२,६०,००० डॉलर वेतन असेल, तर आठवड्याला ८५० डॉलर. मात्र ही सरासरी आहे, मध्यक (पगारांच्या रांगेतल्या बरोबर मधल्या माणसाचा पगार) नाही. अर्धवेळ आणि पूर्णवेळ असा भेद तिच्यात नाही. बोनस, टिप, कामावरून काढताना दिलेली रक्कम, सगळं तिच्यात येतं. हजारभर नोकऱ्यांच्या काउंटीत एका कंपनीने चौथ्या तिमाहीत मोठा बोनस वाटला की अख्ख्या काउंटीचा पगार वाढलेला दिसतो. पंधरवड्याने पगार देणाऱ्या मालकाचे एका तिमाहीत एरवी सहा पगार पडतात, कधी सात. सातव्या पगाराने त्या मालकाचं तिमाही वेतन सहाव्या हिश्शाने फुगतं. आकडे हंगामानुसार समायोजित केलेले नसतात, म्हणून दुसरी तिमाही गेल्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीशीच ताडा. पगारासाठी तर सरळ वार्षिक सरासरीची फाइल घ्या, निम्मे झटके तिथेच विरतात. २०२० मध्ये कमी पगाराच्या नोकऱ्या आधी गेल्या आणि सरासरी पगार चढला. म्हणून रोजगाराच्या आलेखाशिवाय पगाराचा आलेख एकटा कधी छापू नये.

सामान्य माणसाला किती मिळतं हे सांगण्यात सर्व्हे सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. त्याचा बी२००१७ तक्ता वर्षभर पूर्णवेळ काम करणाऱ्यांचा मध्यक वेगळा देतो. गणनेकडे त्याला उत्तर नाही.

महागाईचा हिशोब दोन्हीकडे तुम्हालाच करावा लागतो. गणनेतले डॉलर त्या-त्या वेळचे असतात. सर्व्हेतले डॉलर संचाच्या शेवटच्या वर्षाच्या किमतीत आणलेले असतात, पण दोन संचांमधला फरक तसाच उरतो. शहरी ग्राहकांच्या किंमत निर्देशांकाची (महागाई मोजणाऱ्या आकड्याची) वार्षिक सरासरी २०१८ मध्ये २५१.१०७ होती, २०२३ मध्ये ३०४.७०२. म्हणजे २०१८ चे ७०० डॉलर २०२३ च्या किमतीत साधारण ८४९ होतात. पगार ७०० वरून ८२० झाला असेल तर ती वाढ नसून घट आहे. ग्रामीण भागासाठी वेगळा अधिकृत निर्देशांक नाही, त्यामुळे शहरीच वापरावा लागतो आणि तसं तळटीपेत लिहावं लागतं.

दोघांत मूळचा फरक जागेचा आहे: गणना नोकरी जिथे आहे तिथे मोजते, सर्व्हे माणूस जिथे राहतो तिथे. नेवाडातली युरेका काउंटी बघा. २०२० ला लोकसंख्या १,८५५. सोन्याच्या मोठ्या खाणी तिथे, पण खाणीत काम करणारे बरेच जण शेजारच्या एल्को काउंटीत राहतात. गणनेतला नोकऱ्यांचा आकडा तिथे लोकसंख्येपेक्षाही मोठा दिसतो आणि सरासरी पगार डोळे दिपवतो. त्यावरून युरेकाची कुटुंबं श्रीमंत आहेत असं म्हणणं चूक, आणि सर्व्हेवरून तिथे उद्योग नाही म्हणणंही चूक. तुमचा प्रश्न ‘इथला उद्योग कसा चाललाय’ असा असेल तर गणना, ‘इथल्या कुटुंबांना काय मिळतं’ असा असेल तर सर्व्हे. बी०८००७ तक्त्यातून किती जण काउंटीबाहेर कामाला जातात ते कळतं. हा वाटा मोठा असेल तर दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या परिच्छेदांत द्या, एका वाक्यात कोंबू नका.

शेतीप्रधान काउंटीत मात्र माझा पक्ष थोडा ढिला पडतो. स्वतःच्या नावाने धंदा करणारे गणनेत नाहीत, म्हणजे शेतकरी स्वतः आणि बिनपगारी राबणारं त्याचं कुटुंब नाही. शेतमजुरांतही संघीय नियमाने तेच मालक येतात ज्यांनी एका तिमाहीत २०,००० डॉलर रोख मजुरी दिली, किंवा वर्षात २० वेगवेगळ्या आठवड्यांत १० किंवा जास्त माणसं कामावर ठेवली. काही राज्यांचे नियम याहून व्यापक आहेत, कॅलिफोर्निया त्यातलं ठळक. गव्हाच्या किंवा गुरांच्या काउंटीत नुसत्या गणनेवर गेलात तर शाळा, रुग्णालय आणि काउंटीचं कार्यालय हीच अर्थव्यवस्था वाटेल.

तिथे कणा गणनेचाच ठेवा आणि स्वयंरोजगारासाठी सर्व्हेचा बी२४०८० हा तक्ता जोडा. तो एकच आकडा घ्या, त्रुटीच्या मर्यादेसकट, आणि कोणत्या पाच वर्षांचा ते लिहा. दोन्हींची बेरीज करू नका. गणना नोकऱ्या मोजते, त्यात दोन ठिकाणी काम करणारा दोनदा येतो; सर्व्हे माणसं मोजतो आणि प्रत्येकाचं मुख्य काम तेवढं धरतो. दिवसा शाळेची बस चालवून सकाळ-संध्याकाळ गुरं सांभाळणारा माणूस गणनेत शाळेचा चालक असतो. सर्व्हेत मुख्य काम म्हणजे ज्याला जास्त तास दिले ते, त्यामुळे तिथे तो शेतकरी ठरू शकतो.