कोटलिन-स्विफ्टचे पैसे घेतले आणि हातात दिली वेबसाइट

नाशिकमध्ये माझा दुधाच्या रतिबाचा व्यवसाय आहे. इंदिरानगर आणि पाथर्डी फाट्याकडे मिळून तीनशे दहा घरं, नऊ पोरं, पहाटे साडेचारला लाईन सुरू. गेल्या वर्षी ॲप बनवून घ्यायला गेलो आणि 3,60,000 रुपये घालवून बसलो. वकिलांच्या सल्ल्यानं कंपनीचं नाव लिहीत नाही. बाकी सगळं लिहितोय, कारण याच महिन्यात माझ्या एका मेसवाल्या मित्राला जवळपास तसंच कोटेशन आलं आहे.

माझी अडचण वहीची होती. पोरं खाडे आणि जादा लिटर वहीत लिहायची, महिनाअखेरीला बिलावरून वाद व्हायचे. ग्राहकानं फोनवरून खाडा टाकावा, पोरानं दूध ठेवलं की तिथेच नोंद करावी, एवढंच हवं होतं.

कंपनीचे दोघं आले, लॅपटॉपवर प्रेझेंटेशन दाखवलं. अँड्रॉइडचं ॲप कोटलिन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, आयफोनचं स्विफ्ट या भाषेत, दोन्ही 'नेटिव्ह', म्हणजे त्या-त्या फोनसाठी वेगळं लिहिलेलं, दोन वेगळ्या टीम, म्हणून खर्च 4,80,000. स्वस्तात होणार नाही का, असं मी विचारलं. होतं, म्हणाले, फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह या साधनांमध्ये एकदाच कोड लिहून दोन्ही फोनवर चालवता येतो, पण रोजच्या वापराला ते टिकत नाही. हे धादांत खोटं होतं. रिॲक्ट नेटिव्ह फेसबुकनं 2015 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती गूगलनं 2018 च्या डिसेंबरमध्ये आणली, आणि रोज वापरली जाणारी कितीतरी ॲप त्यांवर चालतात. पण तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. महाग ते टिकाऊ, असं वाटून सही केली.

तीन हप्त्यांपैकी दोन दिले आणि जूनमध्ये अँड्रॉइडचं ॲप हातात आलं. माझ्या ऑफिसात वायफायवर उत्तम चाललं. दुसऱ्या दिवशी पहाटे एका सोसायटीच्या बेसमेंटमधून पोरगा धावत वर आला. तिथे रेंज नसते. त्यानं स्क्रीनशॉट पाठवला: पांढरी स्क्रीन, 'वेबपेज उपलब्ध नाही' असा मजकूर, आणि खाली त्या कंपनीच्या वेबसाइटचा लांबलचक पत्ता. दुधाच्या ॲपमध्ये वेबसाइटचा पत्ता का यावा, हा प्रश्न मला त्याच दिवशी पडायला हवा होता. मी कंपनीला फोन केला. ऑफलाइनचं काम पुढच्या व्हर्जनमध्ये होईल, असं उत्तर मिळालं.

आयफोनचं ॲप तर आलंच नाही. चार महिने 'ॲपलकडे रांग आहे' हेच ऐकत होतो. शेवटी ॲपलचा निरोप जसा आहे तसा पाठवा म्हणून हट्ट धरला. त्यात ॲपलच्या ॲप तपासायच्या नियमांमधल्या कलम 4.2 चा उल्लेख होता. नुसती वेबसाइट गुंडाळून दिलेलं ॲप ॲपल या कलमाखाली परत पाठवतं.

दिवाळीला भाची आली. ती पुण्यात ॲप बनवायचंच काम करते. तिनं माझ्या फोनमधले डेव्हलपर पर्याय चालू केले आणि 'लेआउट सीमा दाखवा' दाबलं. फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक बटणाभोवती, प्रत्येक ओळीभोवती बारीक चौकट आली. माझ्या ॲपमध्ये सगळ्या पानाभोवती मिळून एकच चौकट. ती म्हणाली, "मामा, कोटलिनमध्ये लिहिलेली बटणं असती तर वेगवेगळ्या चौकटी दिसल्या असत्या." फ्लटरच्या ॲपमध्येही एकच मोठी चौकट दिसते, म्हणून तिनं ॲपची फाइल झिप उघडावी तशी उघडून पाहिली. फ्लटर असतं तर आत लिबफ्लटर नावाची फाइल सापडते. ती नव्हती. रिॲक्ट नेटिव्हचीही काही खूण नव्हती. होता फक्त एक वेबसाइटचा पत्ता आणि ती उघडणारा लहानसा कोड. याला वेबव्ह्यू म्हणतात. ज्याला येतं त्याला असं कव्हर चढवायला दोन-तीन दिवस पुरतात. दोन टीम कधी नव्हत्याच.

वेबव्ह्यू मुळात वाईट नाही, हे इथे सांगायलाच हवं. माझ्या ग्राहकाला करायचं काय असतं? महिन्यातून एकदा बिल पाहायचं, गावाला जाताना खाडा टाकायचा. त्यासाठी होम स्क्रीनवर ठेवता येणारी साधी वेबसाइट पुरली असती, आयफोनवाल्यांनाही चालली असती, आणि ॲपलच्या खात्याचे दरवर्षीचे 99 डॉलर लागलेच नसते. खरं ॲप हवं होतं पोरांना, आणि नऊच्या नऊ पोरांकडे अँड्रॉइड. त्यांना हवं होतं रेंज नसताना फोनमध्येच नोंद साठवणारं, वर आल्यावर ती पाठवणारं ॲप. म्हणजे दोन प्रकारच्या माणसांना दोन वेगळ्या गोष्टी लागत होत्या. फोन कोणाच्या हातात असणार आणि कुठे उघडणार, हे त्या दोघांनी एकदाही विचारलं नाही. मला महागडा शब्द विकला आणि माल दिला सगळ्यात स्वस्त, तोही नेमका जिथे चालत नाही तिथे.

पैसे परत मागितले तेव्हा कागद उघडले. 'नेटिव्ह' हा शब्द फक्त प्रेझेंटेशनमध्ये, आणि ते माझ्याकडे ठेवलेलं नव्हतं. करारात आणि बिलावर नुसतं 'मोबाईल ॲप्लिकेशन'. वकिलांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती माझ्यासारख्या बहुतेक दुकानदारांना माहीत नसावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतलेल्या कोडचा हक्क, पैसे दिले तरी, आपोआप आपला होत नाही. तो लेखी करून घ्यावा लागतो. माझ्या करारात त्याची एक ओळही नव्हती. ॲपही प्ले स्टोअरवर कंपनीच्याच खात्यात. एका खात्यातलं ॲप दुसऱ्या खात्यात हलवण्याची सोय गूगलनं दिली आहे, पण विनंती जुन्या खात्यावाल्यानं करायची असते. त्यासाठी त्यांनी 75,000 मागितले. मी दिले नाहीत, तिसरा हप्ताही दिला नाही. वकिलांची नोटीस गेली आहे, उत्तर आलेलं नाही.

नवं काम नाशिकमधल्याच एका मुलाला दिलं. पोरांचं ॲप फ्लटरमध्ये, ग्राहकांसाठी वेबसाइट, मिळून 1,40,000. फ्लटर का, तर उद्या एखाद्या पोरानं आयफोन घेतला तर सगळं पुन्हा लिहायला नको. कोडचा हक्क माझा, हे करारात लिहून घेतलं. प्ले स्टोअरचं खातं माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डानं, एकदाच 25 डॉलर भरून उघडलं. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. नऊ पोरं, बायको, मुलगा आणि शेजारचे काका, असे बारा भरले.

शेवटचा हप्ता देण्याआधी मी स्वतः पहाटे त्याच सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गेलो. फोन विमान मोडवर टाकायला लावला, पोरानं अकरा घरांची नोंद केली, ॲप बंद करून पुन्हा उघडलं. अकराच्या अकरा नोंदी जागेवर होत्या. वर गेटपाशी येऊन विमान मोड काढला आणि मिनिटभरात त्या माझ्या फोनवर दिसल्या. पैसे तिथेच उभं राहून पाठवले.

जुनं ॲप अजून प्ले स्टोअरवर आहे, माझ्या डेअरीच्या नावानं. चाळीसेक ग्राहकांच्या फोनमध्ये ते तसंच आहे. ते तिथे खाडा टाकतात, तो त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, माझ्यापर्यंत पोचत नाही, आणि सकाळी दाराशी दूध पाहून ते मला रागानं फोन करतात. रोज दुपारी त्यातल्या दोन-तीन घरी जाऊन मी ते ॲप काढून देतोय.