'इलेक्ट्रॉनिक अर्थिंग'च्या नावाखाली 38 हजार घेतले, मशीनवाल्यांनो बिल द्यायच्या आधी वाचा

फ्लेक्स मशीन, पॅथॉलॉजीची मशीन, एक्सरे, असलं काहीबी ज्यांनी बसवलंय त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्या परभणी भागात एक जण "इलेक्ट्रॉनिक अर्थिंग स्पेशालिस्ट" म्हणून फिरायलाय. नाव लिहीत नाही, पद्धत सांगतो, त्यावरून ओळखा.

माझं फ्लेक्सचं दुकान आहे. मशीनवाल्यांची अट असते की न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज 2-3 च्या आत पाहिजे, नाहीतर हेडची (शाई मारणाऱ्या भागाची) वॉरंटी देत नाहीत, आणि हेडची किंमत धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडं ते 9-10 दाखवायलं होतं. एकानं ह्या साहेबाचा नंबर दिला. आला, मीटर लावला, आणि म्हणला, "मालक, तुमची बिल्डिंगची अर्थिंग डर्टी झालीय, खालच्या गिरणीची मोटर, फ्रिज, सगळ्यांचा कचरा तुमच्या मशीनमध्ये येतोय. इलेक्ट्रॉनिक मशीनला वेगळी अर्थिंग लागती, केमिकलची, आणि ती बिल्डिंगच्या अर्थिंगला टच पण झाली नाही पाहिजे." वरून दारातला आरसीसीबी (करंट अर्थिंगकडं गळला की लाईट तोडणारा सेफ्टी स्विच) काढून टाकला, म्हणे हा घरगुती आयटम आहे, मशीनला चालत नाही, उगं ट्रिप मारत बसतो.

मागच्या बाजूला खड्डा केला, 3 मीटरचा केमिकल इलेक्ट्रोड (जमिनीत गाडायचा अर्थिंगचा पाईप) टाकला म्हणून सांगितलं, चकचकीत झाकण बसवलं. मग डेमो. फेज आणि अर्थिंगला बल्ब लावला, भक्कन पेटला. मल्टिमीटरवर 230. न्यूट्रल-अर्थिंग लावलं तर 0.1! मशीनवाल्यांच्या इंजिनिअरनं पण तेच रीडिंग बघून कागदावर सही केली. 38 हजार रोख, बिल म्हणून साध्या पॅडचा कागद.

ह्या डेमोत सगळी गंमत आहे. मल्टिमीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळं अर्थिंग कितीबी भंगार असली तरी तो 230 च्या आसपास दाखवणार. 100 वॅटचा बल्ब घेतो अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी, म्हणजे 50 ओहमची टाकाऊ अर्थिंग असली तरी वीसेक व्होल्टच कमी होतात, डोळ्याला कळतबी नाही. अर्थिंग मोजायची म्हणजे अर्थ टेस्टर लागतो, दोन खिळे लांब लांब जमिनीत ठोकून ओहममध्ये रीडिंग घ्यायचं. त्यानं ते केलंच नाही, विचारलं तर म्हणला डिजिटल मीटर आल्यापासून ते जुनं झालं.

पुढं अवकाळीत गडगडाट झाला, जवळच कुठंतरी वीज पडली आणि मशीनचं यूएसबी कार्ड आणि कॉम्प्युटरचा पोर्ट दोन्ही गेले. फोन केला तर म्हणे निसर्गापुढं मी काय करू. खरं कारण नंतर कळलं. मशीन त्याच्या खड्ड्यावर, कॉम्प्युटर बिल्डिंगच्या अर्थिंगवर, वीज पडल्यावर दोन खड्ड्यांचं व्होल्टेज वेगवेगळं वर उसळतं आणि दोघांना जोडणारी एकच बारीक वायर म्हणजे ती यूएसबी केबल, सगळा लोड तिच्यातून. "टच पण झाली नाही पाहिजे" ह्याचा अर्थ हा.

तरी तेवढ्यावर भागलं असतं. एका वादळाच्या संध्याकाळी दुकानातले दिवे एकदम मिणमिण करायले, मशीन बंद पडलं, आमचा पोरगा कव्हर उघडायला गेला आणि त्याला असा झटका बसला की तो मागं जाऊन मीडियाच्या रोलवर पडला. पायात रबरी चप्पल होती म्हणून वाचला. मेन पाडला.

ओळखीच्या एका जुन्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी मशीनचं सॉकेट खोललं, प्लेट उलटी केली, आणि मागं बोटाएवढा वायरीचा तुकडा, एक टोक न्यूट्रलच्या स्क्रूत, दुसरं अर्थिंगच्या. टेप पण मारली नव्हती. काका म्हणले, "आरं, ह्यानं मीटरच्या दोन्ही पिनाच एकमेकाला बांधल्यात, शून्य नाही तर काय दाखवणार?"

डोक्यात प्रकाश पडला तो तिथं. 9-10 व्होल्ट येत होतं ते खांबावरचा न्यूट्रलचा जोड ढिला होता म्हणून, अर्थिंगचा त्यात फारसा संबंधच नव्हता. हा रोग होता आणि ह्या माणसानं थर्मामीटरच मोडून दिला. वादळात तो जोड पूर्ण सुटला, मग फेजचा करंट मशीनमधून न्यूट्रलला आणि त्या तुकड्यातून सरळ मशीनच्या बॉडीला. न्यूट्रल डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, अर्थ केलेला असतो, आपल्या सॉकेटात तो अर्थिंगला बांधायचाच नसतो. आणि आरसीसीबी का काढला तेबी समजलं, असा जोड असला की तो ट्रिप मारणारच, चोर लगेच सापडला असता.

खड्डा पण उकरला. 3 मीटरचा इलेक्ट्रोड कंबरेएवढा निघाला, खाली काळा दगड लागला तिथं सोडून दिलेला, भोवती केमिकलच्या नावानं राखेसारखं काहीतरी. टेस्टरवर 60 ओहमच्या वर. फेज बॉडीला लागला असता तर ह्या खड्ड्यातून 4 अँपिअरबी गेला नसता, आणि माझा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) 32 अँपिअरचा, सी टाईप, तो झटक्यात पडायला कमीत कमी 160 अँपिअर लागतात.

वेगळा खड्डा मारणं हे मुळात खोटं नाही, मशीनला मेन अर्थिंग पट्टीपासून स्वतंत्र वायर आणणंबी चांगलंच. पण आयएस 3043 मध्ये, म्हणजे अर्थिंगच्या भारतीय मानकात, स्पष्ट आहे की एका इमारतीतल्या सगळ्या अर्थिंग एकमेकाला जोडलेल्या पाहिजेत. डर्टी आहे म्हणून तोडून वेगळी ठेवायची, असं काही नसतं. काकांचं म्हणणं, विमानात एवढं इलेक्ट्रॉनिक्स असतंय, ते काय खड्डा घेऊन उडतंय?

आता महावितरणच्या लाईनमनकडून खांबावरचा जोड नीट करून घेतला, दोन्ही खड्डे जाड पट्टीनं जोडले, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी परत बसवला. न्यूट्रल-अर्थिंग दीड व्होल्ट येतंय, मशीन चालू असताना. चालू लोडवर कुणी तुम्हाला एकदम शून्य दाखवलं तर सॉकेट खोलायला लावा.

पैसे मागितले तर म्हणला, "मशीन चालतंय ना?" नंतर नंबर बंद. त्यानं तुमच्याकडं काम केलं असेल तर चांगल्या वायरमनला बोलवा, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन बंद करा, सगळे प्लग काढा आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थिंगला मीटरची बीप येती का बघा. आली तर ते सॉकेट खोलल्याशिवाय मेन परत चालू करू नका.