पातळ पांढरा कॉटन की घट्ट विणीचं गडद कापड?
निपाणीकडं तंबाखूच्या शेतात राबणाऱ्यांना सगळे सांगतात पांढरं कॉटन घाला, गार वाटतं, ते खरंय, पण उन्हातली यूव्ही (अतिनील) किरणं अडवायची म्हटलं तर ते कमीच पडतं बघा. साध्या पांढऱ्या कॉटन टीशर्टचा यूपीएफ, म्हणजे कापड ही किरणं किती अडवतं त्याचा आकडा, ५ ते ७ च्या आसपास, म्हणजे पाचवा ते सातवा हिस्सा किरणं थेट कातडीपर्यंत येतात, आणि घामानं भिजला की अजून जास्त. जीन्ससारखं गडद जाड कापड ५० च्या वर सहज जातं, २ टक्क्यांपेक्षाही कमी आत येतात. उकडतं मात्र फार. मी तर सैल, गडद निळा, घट्ट विणीचा फुल शर्टच घ्या म्हणेन, बेळगावात घेताना कापड उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसलं की ठेवून द्या. शेतात बायका साडीवर जुना फुल शर्ट चढवतात ते मला एकदम पटतं, फक्त तो विरलेला नको.